एकशे पंधरा

उमरविहिरीच्या लिंबाला पार बांधायचा ठरला
तेव्हा माझी आठवीची परीक्षा नुकतीच संपलेली
आणि बाबा गावातले एकटे मिस्त्री.
"आठकोनी पाहिजे," सरपंचबाई म्हणाल्या,
"तालुक्याले कचेरीपुढं हाय तसा."
चौकोनी असता तर बाबांनी गुण्या लावून
दोन दिवसांत विटा रचल्या असत्या.
गुण्याला एकच कोन येतो.

"तुह्या पुस्तकात हाय का व आठाचं?"
होतं. पण पुस्तक मी ठमक्यांच्या निमाला
अर्ध्या किमतीत विकून बसले होते.
म्हणून सगळं आठवून काढावं लागलं.

आधी बाज पाहिली.
रेणूमावशीची, सुतळी सैल, खूर ढिले.
हात लावला की एका अंगाला कलायची:
उशाकडचा एक कोपरा मिटायचा,
तेवढाच शेजारचा उघडायचा.
कशीही हलवा,
चौघांचे मिळून तीनशे साठच.
"मोडशील वं माय," मावशी ओरडली.

मग धुळीत आठ खडे मांडले.
एका खड्यापासून पऱ्हाटीच्या काड्या टाकल्या
बाकी सगळ्यांपर्यंत, शेजारचे दोन सोडून;
त्यांच्याशी त्याचं येणंजाणं होतंच.
पाच काड्या, सहा त्रिकोण.
सहा वेळा एकशे ऐंशी, एक हजार ऐंशी.
बकरीनं मधली काडी चघळत नेली
तरी ती मला तिथंच दिसत राहिली.

भागिले आठ. एकशे पस्तीस.
"म्हंजे एक गुण्या आन् वर अर्धा,"
बाबा विटेवर खिळ्यानं रेघ मारत म्हणाले.
एवढंच होतं तर मला
कशाला विचारलं, कोण जाणे.

आखणी झाली त्या दुपारी
रेडिओवर सांगत होते, पारा पंचेचाळीस अंशांवर.
मी चपला हातात घेऊन दोरीच्या कडेनं चालले,
दर कोपऱ्याला पंचेचाळीस वळत,
तळवे भाजत.
आठव्या वळणाला तोंड पुन्हा
जिनिंगच्या बंद धुराड्याकडे, निघाले तेव्हा होतं तसं.

चौथ्या दिवशी पाया खोदताना मूळ लागलं.
मांडीएवढं जाड, सहाव्या कोपऱ्याच्या नेमकं खाली.
देवराम कुऱ्हाड घेऊन आला.
बाबांनी विडी पेटवली, संपेपर्यंत ओढली.
"कापाचं नाई. कोपरा फूटभर भाईर घेऊ.
तू हिशोब पाय."

कोनमापक लावला: एकशे पंधरा.
वीस कमी.
मी खड्ड्यात वाकून पाहिलं, जणू तिथंच पडले असतील.
जेवताना आठवत राहिले,
आणि हात धुता धुता मावशीची बाज आठवली.
कंदील घेऊन गेले. डावीकडचा कोपरा: एकशे पंचेचाळीस.
उजवीकडचा: एकशे पंचेचाळीस.
दहा इकडे, दहा तिकडे.
पलीकडच्या पाचांना तर
काही झाल्याचं कळलंही नव्हतं.

दहावीच्या पेपरात आलं:
सुसम अष्टकोनाच्या एका आंतरकोनाचे माप काढा.
'सुसम' मी दोनदा वाचलं.
मग लिहिलं एकशे पस्तीस, आणि खाली रेघ ओढली.

परवा गावी गेले होते.
पारावर पत्त्यांचा डाव रंगलेला.
त्या कोपऱ्यावर मात्र कोणी बसत नाही, टोक टोचतं;
पोरं तिथं सायकली टेकवतात.
मूळ आणखी जाड झालंय.
गिलाव्यात केसाएवढी भेग,
टोक जरा आणखी बाहेर ढकललेलं.
कोनमापक कुठून असणार?
अंगठा आणि तर्जनी ताणून लावून पाहिली.
एकशे चौदा असेल. किंवा बारा.

सायकली जरा बाजूला केल्या
आणि शेजारच्या कोपऱ्याकडे
बघायला गेले.